माउंट रेनियरला आईबाबांसोबत: जूनमध्ये झेपतील अशा छोट्या पायवाटा सुचवा

गवतीचहा

नमस्कार मंडळी,

आईबाबा मेअखेरीस पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत, सिएटलजवळच्या रेडमंडला येताहेत, ऑक्टोबरपर्यंत मुक्काम आहे. बाबा ७३, आई ६८. बाबा रोज सकाळी तळजाईला फिरायला जातात, दम चांगला आहे, पण उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. आईला चालायला आवडतं. फक्त "मला पळवायचं नाही" ही अट तिने फोनवर आधीच घालून ठेवली आहे.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी माउंट रेनियर या आमच्याकडच्या बर्फाळ डोंगराच्या राष्ट्रीय उद्यानात एक दिवसाची चक्कर मारायचा विचार आहे. प्रश्न असे:

डोंगरावर गाडी जाते अशा दोन ठिकाणांपैकी पॅराडाइज बरं की सनराइज? पॅराडाइजची स्कायलाइन ट्रेल ही गोल पायवाट पूर्ण करावी का? साडेपाच मैल म्हणजे नऊ किलोमीटर, बाबा तळजाईला सहा आरामात चालतात, म्हणून विचारतोय. आणि ती प्रसिद्ध फुलं नक्की कुठे दिसतात? आईला त्या फुलांचे फोटो पाठवून मी आधीच हवा करून ठेवली आहे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सह्यभटका

तुमच्या तिन्ही प्रश्नांची गाडी एकाच जागी अडते, ती म्हणजे जून.

सनराइजचा रस्ताच तेव्हा उघडलेला नसतो. साधारण जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात उघडतो. तो पर्याय आपोआप बाद.

पॅराडाइजला गाडी जाते. पण हे ठिकाण ५४०० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर तुमचं पार्किंग. एका हिवाळ्यात तिथे सरासरी ५० फुटांहून जास्त बर्फ पडतो. १९७१-७२ च्या हिवाळ्यात तर ११२२ इंच पडला होता, त्रैराशिक मांडून बघा. हा सगळा बर्फ वितळायला जुलैचा मध्य उजाडतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्कायलाइनची पायवाट दिसणारच नाही. पांढऱ्या उतारावर इतरांच्या पावलांचे ठसे तेवढे असतील आणि त्यातले काही ठसे वर शिखराकडे निघालेल्या गिर्यारोहकांचे असतील. त्यांच्या मागे गेलात तर भलतीकडे पोचाल.

नऊ किलोमीटरचं गणित तर डोक्यातून काढूनच टाका. स्कायलाइनला एकूण चढ १७०० फूट आहे आणि चढलेलं सगळं उतरायचं असतं. काकांचा गुडघा उतरताना बोलतो म्हणता, मग तो तिथे भाषण ठोकेल.

फुलं जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आपल्याकडे पाऊस पडला की डोंगर हिरवा होतो आणि लोक ट्रेकला निघतात. इथे सगळी ओल हिवाळ्यात पडते, जुलै-ऑगस्ट हे सर्वांत कोरडे महिने, आणि पायवाटांचा हंगामही तेवढाच. मंडळी ऑक्टोबरपर्यंत आहेत ना? मग ऑगस्टपर्यंत थांबा.

टकोमाची_मावशी

सह्यभटका यांचं सगळं बरोबर, पण "थांबा" हे पटलं नाही. पाहुणे मेअखेरीस येणार आणि समोर दिसणारा डोंगर ऑगस्टपर्यंत लांबूनच बघणार? जूनमध्ये जाऊ नका असं नाही, जूनमध्ये वर चालू नका.

गवतीचहा, तुमच्या आईबाबांनी कधी बर्फ पाहिलाय का? नसेल तर पॅराडाइजला जूनमध्ये न्याच. आमच्याकडे आलेल्या बहुतेक ज्येष्ठांना फुलांपेक्षा त्या बर्फाचंच अप्रूप वाटलं आहे. बाहेर अंगावर पातळ स्वेटर पुरेल इतकं ऊन, आणि पार्किंगच्या कडेला डोक्याएवढी बर्फाची भिंत! तिथे चालायचं नाही. व्हिजिटर सेंटरच्या समोर जिथे सगळे उभे असतात तिथे अर्धा तास रेंगाळायचं, फोटो काढायचे, आत जाऊन गरम काहीतरी प्यायचं. शेजारचं पॅराडाइज इन हे १९१७ साली उघडलेलं लाकडी हॉटेल आहे. ते हंगामात उघडं असलं तर त्याच्या दिवाणखान्यात शेकोटीजवळ जरा बसा. तिथल्या ओंडक्यांच्या खुर्च्या-टेबलं बघण्यासारखी आहेत.

चालणं खाली जंगलात करा. येता-जाता लाँगमायरला थांबा, तिथे 'ट्रेल ऑफ द शॅडोज' नावाची पाऊण मैलाची सपाट वाट आहे. मधोमध पाणथळ कुरण, कडेला खनिज पाण्याचे झरे. लाँगमायर कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या झऱ्यांच्या जोरावर इथे हॉटेल चालवलं, लोक औषधी स्नानाला यायचे. बाबांना इतिहास आवडत असेल तर ही वाट नक्की. वर जाताना क्रिस्टीन फॉल्स रस्त्यालाच लागतो. दगडी पुलाच्या कमानीखाली पडणारा धबधबा, गाडीतून उतरून दोन मिनिटांचं काम.

स्टीव्हन्स कॅन्यनचा रस्ता उघडला असेल (सहसा मेअखेरीस उघडतो) तर पूर्वेला ओहानापेकॉशकडे सिल्व्हर फॉल्स करा. जुनी, अवाढव्य झाडं, खाली नेच्याचं रान, आणि जूनमध्ये बर्फ वितळत असल्याने पाण्याला जबरदस्त जोर. पाण्याचा रंग काचेच्या बांगडीसारखा हिरवट निळा. तिथलं कॅम्पग्राउंड २०२५ मध्ये कामासाठी बंद होतं, तेव्हा आम्ही हायवे १२३ वरून लाफिंगवॉटरच्या वाटेने उतरलो होतो. अंतर कमी पडतं, पण परत येताना चढ आहे. कठड्यापलीकडे ओल्या खडकावर कुणालाही जाऊ देऊ नका, फोटोसाठी तर मुळीच नाही.

खडूस_काका

मावशींनी नारदमुनींना विसरून चालणार नाही.

लाँगमायरहून पॅराडाइजला जाताना नारदा फॉल्स लागतो. नाव आपल्याच नारदावरून आहे. १८९३ च्या सुमारास टकोमाच्या थिऑसॉफिकल सोसायटीची 'नारद' शाखा होती, तिच्यावरून हे नाव पडलं. आईबाबांना पाटीसमोर उभं करून फोटो काढा आणि पुण्याच्या ग्रुपवर टाका. दिवसभर "नारायण नारायण" येत राहील.

वाट जेमतेम पाव मैलाची, पण सरळ खाली उतरते. पाण्याचे तुषार अंगावर येतात म्हणून कायम ओली असते आणि जूनच्या सुरुवातीला बर्फ-चिखलाचा काला असू शकतो. गुडघेवाल्यांनी वरच्या पुलावरूनच नमस्कार करावा.

अवांतर: ज्या पीटर रेनियरचं नाव या डोंगराला आहे त्याने हा डोंगर आयुष्यात पाहिला नाही. जॉर्ज व्हँकुव्हरने १७९२ मध्ये आपल्या मित्राचं नाव देऊन टाकलं. हाच रेनियर १७९४ ते १८०५ इंग्रजांच्या पूर्वेकडच्या आरमाराचा प्रमुख होता. म्हणजे १८०३ साली शिंदे-भोसल्यांशी लढाई चालू होती तेव्हा आपल्या हिंदुस्थानच्या बाजूच्या समुद्रावर हाच साहेब. इथल्या मूळ लोकांमध्ये डोंगराचं नाव टाहोमा, आणि मी तेच वापरतो. बायको म्हणते जीपीएसला कळत नाही.

गवतीचहा

मावशी, खूप आभार. दोघांनी बर्फ फक्त मनालीच्या फोटोत पाहिलाय, त्यामुळे पॅराडाइज पक्कं.

बाबांना स्पीकरवर हा धागा वाचून दाखवला. "नऊ किलोमीटर काही फार नाही" असं त्यांचं म्हणणं कायम आहे. आई म्हणाली, "त्यांना पुढे जाऊ दे, मी त्या हॉटेलात शेकोटीपाशी बसते."

पिकलेलं_पान

मी नाशिकची. वय ७१, मुलीकडे बेलव्ह्यूला दर वर्षी येते. तुम्ही तरुण मंडळी मैल आणि फूट सांगताय, आता आमच्या बाजूचं ऐका.

पहिलं म्हणजे, आम्ही "दमलो" असं म्हणत नाही. मुलाने सुट्टी काढलेली असते, दोन-अडीच तास गाडी चालवून आणलेलं असतं, म्हणून आम्ही "छान आहे, चला" म्हणत राहतो. तेव्हा विचारूच नका, तुम्हीच दर वीस मिनिटांनी थांबा आणि "मला पाणी प्यायचंय" म्हणा.

दुसरं, बाथरूम. हे कुणी लिहीत नाही आणि आमचा निम्मा दिवस त्याच काळजीत जातो. पाणी प्यायचं टाळतो, मग डोकं दुखतं आणि मुलं म्हणतात उंचीमुळे असेल. लाँगमायर आणि पॅराडाइजला चांगली सोय आहे. पायवाटेला लागण्याआधी तिथे जाऊनच यायचं, मग गरज असो वा नसो.

तिसरं, काठ्या. मुलीने दोन ट्रेकिंग पोल घेऊन दिले तेव्हा मला म्हाताऱ्यासारखं वाटलं होतं. उतरताना त्या काठ्यांनी गुडघ्यावरचा भार असा काही उचलला की आता मी त्यांच्याशिवाय घरामागच्या बागेतही जात नाही. बाबा नको म्हणतील. एक काठी तुम्ही वापरा, दुसरी त्यांच्या हातात "जरा धरा" म्हणून द्या. परत मागू नका.

आणि बर्फावर दुपारी डोळ्यांना फार त्रास होतो. गॉगल आणि सनस्क्रीन दोघांनाही. आई हसेल, पण लावा. सुती सलवार बर्फात ओली झाली की वाळत नाही, पाय गार पडतात. सिंथेटिक काहीतरी घालायला द्या.

धुकंधुकं

पिकलेलं_पान यांच्या प्रतिसादाला +१००. वाचनखूण साठवली.

मी फक्त व्यवस्थेचं सांगतो.

शनिवार शक्य असेल तर टाळाच. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी सकाळी उशिरापर्यंत पॅराडाइजचं पार्किंग भरतं आणि गेटवर रांग लागते. आईबाबा मोकळे आहेत, तुम्ही एक दिवस रजा टाका आणि मंगळवार-बुधवार गाठा. सकाळी सहाला निघा.

प्रवेशाचे गाडीमागे ३० डॉलर. २०२३ पासून रोख घेत नाहीत, कार्ड लागतं. वर्षातून आणखी पार्क करणार असाल तर अमेरिकेतल्या रहिवाशांसाठीचा ८० डॉलरचा वार्षिक पास परवडतो. वेळ आरक्षित करण्याची भानगड दर वर्षी बदलते: २०२४ मध्ये पॅराडाइज आणि सनराइज दोन्हीकडे होती, २०२५ मध्ये फक्त सनराइजकडे. निघायच्या आठवड्यात पार्कच्या संकेतस्थळावर बघा, फेसबुकवरच्या जुन्या पोस्टवर जाऊ नका. दिवसाच्या पायवाटांना वेगळा परवाना लागत नाही, तो रात्री मुक्काम करणाऱ्यांना लागतो.

पार्कमध्ये पेट्रोल मिळत नाही. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. नकाशा आधी उतरवून घ्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: पॅराडाइजचे वेबकॅम. सिएटलला लख्ख ऊन असताना वर ढगात काही दिसत नाही, आणि उलटही होतं: खाली मळभ, वर ढगांच्या डोक्यावर ऊन. निघण्याआधी कॅमेरा बघितल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. डोंगराच्या डोक्यावर बशीसारखा गोल ढग बसलेला दिसला तर हवा बिघडायच्या बेतात आहे असं समजा.

सह्यभटका

ठीक आहे, मावशींच्या जूनला अनुमोदन. पण एक इशारा सुटलाय. वर बर्फावर थोडं "इथपर्यंत जाऊन येऊ" असं होतंच. मर्टल फॉल्स उन्हाळ्यात डांबरी वाटेवर अर्ध्या मैलाच्या आत आहे, म्हणून लोक जूनमध्येही त्या दिशेने चालू लागतात. त्या बर्फाखालून ओढे वाहत असतात. वरचा थर आतून वितळून पातळ झालेला असतो, वरून काहीच कळत नाही, आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. आवाज पोकळ येतोय किंवा खाली पाणी ऐकू येतंय असं वाटलं तर तिथूनच मागे. काउंटरवरच्या रेंजरला "आज साठीपुढच्या माणसांनी कुठवर जावं?" असं सरळ विचारा. ते नेमकं सांगतात, आणि नको असेल तर नको म्हणतात.

आता ऑगस्टची दुसरी फेरी. ही कराच, कारण तेव्हा छोट्या पायवाटांची खरी चंगळ असते.

पॅराडाइजला निस्क्वाली व्हिस्टा हा सव्वा मैलाच्या आतला फेरा. चढउतार २०० फुटांचा, समोर निस्क्वाली हिमनदी. हिमनदी म्हटल्यावर शुभ्र काहीतरी डोळ्यांसमोर येतं, पण खालचा भाग राखाडी दगडधोंड्यांनी झाकलेला असतो, हे काकूंना आधीच सांगून ठेवा. मग मर्टल फॉल्स. दोन्ही मिळून चार किलोमीटरच्या आत, आणि फुलं या दोन्ही वाटांवर तेवढीच जितकी वर स्कायलाइनला. जांभळे ल्युपिन, तांबडे पेंटब्रश, आणि पास्कफ्लॉवरची केसाळ बोंडं, जी बघून आमच्या घरी "बाहुलीचं डोकं उगवलंय" असं जाहीर झालं होतं. मारमोट नावाचा लठ्ठ प्राणी वाटेच्या कडेला फुलं खात बसलेला हमखास दिसतो.

बाबांना दम दाखवायचाच असेल तर मर्टल फॉल्सपासून गोल्डन गेटच्या वाटेने जमेल तेवढं चढा आणि आल्या वाटेने परत या. कुठूनही फिरता येतं, हेच त्याचं सुख. पूर्ण गोल फेऱ्याला निम्म्यावर पोचल्यावर परतणं आणि पुढे जाणं सारखंच पडतं, तिथे माणसं फसतात.

सनराइज ६४०० फुटांवर, म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिखरापेक्षा उंच, आणि तिथे गाडी जाते. पार्किंगपासून एमन्स व्हिस्टा: जाऊन-येऊन मैलभर, जवळजवळ सपाट. समोरची एमन्स हिमनदी ही अलास्का सोडल्यास अमेरिकेतली क्षेत्रफळाने सर्वांत मोठी. ती बघायला मैलभर चालायचं, यापेक्षा स्वस्त सौदा मला माहीत नाही. तुम्ही स्वतः एकदा पहाटे पुढे निघून फ्रीमाँट लुकआउट करून या. जाऊन-येऊन साडेपाच-पावणेसहा मैल, टोकाला १९३४ साली वणव्यावर नजर ठेवायला बांधलेली लाकडी चौकी आहे. आईबाबांना मात्र तिकडे नेऊ नका, शेवटचा टप्पा खडकाळ आणि एका बाजूने तुटलेला आहे.

आणि माझी सर्वांत आवडती: नाचेस पीक लूप, चिनूक खिंडीत. सव्वातीन मैलांच्या आसपास, ६०० फूट चढ. टिप्सू तळ्यापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरायचं, म्हणजे दुसऱ्या निम्म्यात डोंगर सतत समोर राहतो. उलट फिरलात तर तोच डोंगर पाठीमागे, आणि दर पाच मिनिटांनी मान वळवावी लागते. सप्टेंबरअखेरीस हकलबेरीची पानं लाल होतात तेव्हा गर्दीही कमी असते. आईला तीन मैल जड वाटले तर नुसता टिप्सू तळ्याचा अर्ध्या मैलाचा फेरा. रस्त्याला लागूनच आहे.

खडूस_काका

छान यादी. आता नियमांचं मी बोलतो, नाहीतर माझं नाव कशाला?

या पार्कचा सुमारे ९७ टक्के भाग १९८८ पासून कायद्याने वाइल्डरनेस, म्हणजे रान म्हणूनच राखलेला आहे. तुमचे सगळे रस्ते, हॉटेलं, पार्किंग उरलेल्या तीन टक्क्यांत. पायवाटेवर दहा मिनिटं गेलात की तुम्ही त्या ९७ टक्क्यांत. तिथे वर लिंबूसरबत नाही, कठडे नाहीत, दिवे नाहीत, आणि कुणी तुमचा कचरा उचलायला येत नाही. संत्र्याची सालंसुद्धा पिशवीत घालून परत आणायची.

फुलांत उतरून फोटो काढायचा नाही. ती झाडं वर्षातले आठ-नऊ महिने बर्फाखाली असतात, वाढायला दोन-अडीच महिने मिळतात. एका बुटाखाली चिरडलेला तुकडा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. दर ऑगस्टला आपलीच मंडळी रेशमी साड्या नेसून कुरणात बसलेली दिसतात, आणि मग मी तिथे जाऊन मराठीत ओरडतो. उठतात लगेच.

पॅराडाइजच्या पार्किंगमध्ये कोल्हे येतात. फार देखणे, काही काळेभोर. हा कॅस्केड रेड फॉक्स दुर्मीळ आहे, आणि खाऊच्या आशेने गाड्यांजवळ येऊन चाकाखाली मरतो. काकांच्या खिशातला शेंगदाण्याचा लाडू खिशातच राहू दे.

नवा_गडी

याच पार्कमधलं मोविच लेक आणि टोल्मी पीक कसं राहील? यूट्यूबवर फार सुंदर दिसतंय, आणि गर्दीही कमी म्हणतात.

धुकंधुकं

गर्दी कमी नाही, आता गाडीच जात नाही :) हायवे १६५ वरचा फेअरफॅक्सचा पूल एप्रिल २०२५ मध्ये कायमचा बंद झाला. १९२१ चा पूल, पोलाद गंजलं होतं. मोविच आणि कार्बन रिव्हर दोन्हीकडे गाडीने जायचा रस्ता तोच होता. जुने व्हिडिओ बघून लोक अजून तिकडे पोचतात आणि माघारी फिरतात.

असंच ग्रोव्ह ऑफ द पेट्रिआर्क्सचं. मोठ्या झाडांसाठी सगळे तेच सुचवतात, पण नोव्हेंबर २०२१ च्या पुरात तिथला झुलता पूल मोडला, तेव्हापासून बंद. मोठी झाडं सिल्व्हर फॉल्सच्या वाटेवर भरपूर आहेत.

गवतीचहा

सगळ्यांचे आभार. जूनचा बेत मंगळवारवर ढकलला आहे: लाँगमायर, क्रिस्टीन, नारदमुनी वरूनच, पॅराडाइजला बर्फ आणि शेकोटी, मग परत. सिल्व्हर फॉल्स त्याच दिवशी कोंबत नाही, वेगळा जाऊ. ऑगस्टमध्ये सनराइज. दशम्या आणि चटणी आई करणार आहे. ती कुठे बसून खायची?

टकोमाची_मावशी

लाँगमायरच्या थोडं वर कूगर रॉकला झाडांच्या सावलीत पिकनिकची टेबलं आहेत. खाताना डबे उघडे टाकून फिरायला जाऊ नका, खारी आणि कावळे टपलेलेच असतात.

शांतिनिकेतन_सोसायटी

धागा उशिरा वाचला. माझी सासू व्हीलचेअरवर असते, थोडं उभं राहता येतं. तिला नेण्यासारखं काही आहे का, की गाडीतूनच बघायचं?

टकोमाची_मावशी

ताई, नक्की न्या. काउट्झ क्रीकला, निस्क्वाली गेटपासून थोडं आत, लाकडी फळ्यांची छोटी वाट आहे, व्हीलचेअर जाते. १९४७ मध्ये तिथून चिखल-दगडांचा प्रचंड लोंढा आला होता, त्यात मेलेल्या जुन्या झाडांची खोडं आणि त्यानंतर उगवलेलं जंगल दिसतं. पॅराडाइजचं व्हिजिटर सेंटर आतून सगळं सोयीचं आहे आणि मोठ्या काचांमधून डोंगर दिसतो. मर्टल फॉल्सची वाट डांबरी आहे, पण चढ आहे. ऑगस्टमध्ये मागून ढकलणारा एक दणकट माणूस असेल तर जमतं, उतरताना दोघं लागतील. रिफ्लेक्शन लेक्स रस्त्याच्या कडेलाच आहेत. वारा नसताना, म्हणजे सकाळी लवकर, पाण्यात आख्खा डोंगर उलटा दिसतो आणि त्यांना गाडीतून उतरायचीही गरज पडत नाही. ब्रेक नीट लावा, कडेला उतार आहे.